वळणावरील तोल

रविवारची सकाळ असते. अमेरिकेंतील एखाद्या ओस पडलेल्या विमानतळाच्या सिमेंटच्या पटांगणावर नारिंगी रंगाचे रबरी शंकू मांडून एक वांकडीतिकडी वाट आंखलेली असते. त्या वाटेनें एका वेळीं एकच मोटार सोडतात. शेजारीं प्रतिस्पर्धी नाहीं, प्रेक्षकांची गर्दी नाहीं, स्पर्धा घड्याळाशीं. एक फेरी पुरी होण्यास बहुधा मिनिटभर लागतें आणि एक शंकू पडला कीं दोन सेकंदांचा दंड होतो. वेग तसा बेताचाच. हमरस्त्यावर गाड्या नेहमीं जेवढ्या जोरानें धांवतात त्याहून तो क्वचितच अधिक असतो. परंतु सरळ वाट जवळजवळ नाहींच. एक वळण संपतें न संपतें तोंच दुसरें पुढें उभें राहतें. या खेळास तेथें ऑटोक्रॉस असें नांव आहे. इंग्लंडांत याच नांवाचा खेळ गवताळ शेतांत खेळतात, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. एरव्हीं श्रोत्यांचा घोटाळा व्हावयाचा.

या खेळांत उतरणारा मनुष्य बहुधा धंदेवाईक शर्यतपटु नसतो. ज्या गाडींतून तो सोमवारीं कामावर जातो तीच गाडी घेऊन तो रविवारीं येथें येतो. म्हणून लहान, हलकी, मागें वर उघडणारें दार असलेली आणि पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी हॅचबॅक जातीची मोटार या पटांगणांत फार दिसते. तिच्यांत जोरकस इंजिन बसविलेलें असलें म्हणजे तिला ‘हॉट हॅच’ म्हणतात. इंजिनाच्या जोराचा मात्र येथें फारसा उपयोग नाहीं, कारण तो दाखविण्यास जागाच मिळत नाहीं. अर्ध्या सेकंदानें पहिला आणि पांचवा ठरतो, आणि तो अर्धा सेकंद चाकें व गाडीचें अंग यांना जोडणाऱ्या स्प्रिंगांच्या आणि दांड्यांच्या रचनेंत, म्हणजे सस्पेन्शनमध्यें, सांपडतो. त्या रचनेचा इतिहास पाहिला तर त्यांत मोठमोठ्या कारखान्यांइतकाच घरच्या गॅरेजांत राबणाऱ्या हौशी लोकांचाही हात दिसून येतो.

स्प्रिंगेचा जन्म सुखासाठीं झाला, वेगासाठीं नव्हे. १८०४ सालीं ओबडाया एलियट या इंग्रज कारागिरानें घोडागाडीखालीं अंडाकृति पाटे बसविण्याचें पेटंट घेतलें. पुढें मोटारी आल्या, परंतु पाटे तेच राहिले. उतारूची पाठ वांचली म्हणजे काम झालें, अशीच सर्वांची समजूत होती. गाडीचें शील तिच्यांतील वजन कोठें आहे यावर अवलंबून असतें हें मात्र टांगेवाल्यांनाही ठाऊक होतें. मागें तीन धट्टेकट्टे उतारू बसले आणि टांगा उलार होऊं लागला कीं टांगेवाला त्यांतील एकास पुढें बोलावून घेतो. पण हें शील मोजावें कसें, आणि मोजून बदलावें कसें, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरपर्यंत कोणी नीटसा हातीं घेतला नव्हता.

तो घेतला मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरनें. रोल्स-रॉइस कंपनीच्या अमेरिकेंतील कारखान्यांत काम करून ऑली १९३० सालीं डेट्रॉइटच्या कॅडिलॅक कारखान्यांत आला. तेथें त्यानें सात माणसांची एक मोठी गाडी घेतली आणि तिच्या पुढच्या व मागच्या अंगास सरकवितां येतील अशीं वजनें बांधलीं. वजनें इकडची तिकडे करावयाचीं, पुढच्या-मागच्या स्प्रिंगा बदलावयाच्या, गाडी रस्त्यावर न्यावयाची आणि आंत बसलेल्यांनीं आपणांस कसें वाटतें तें एकमेकांस विचारावयाचें, असा तो प्रयोग होता. सुख मोजण्याचें यंत्र त्या वेळीं कोठेंच नव्हतें. माणसाचें अंग हेंच यंत्र. या खटाटोपांतून असें दिसून आलें कीं पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ असल्या तर प्रवास सुखाचा होतो. पण पुढें अखंड आंस असतां स्प्रिंगा मऊ केल्या कीं चाकें थरथरूं लागत. तेव्हां आंस काढून दोन्हीं पुढचीं चाकें स्वतंत्र टांगावीं लागलीं, आणि १९३४ च्या गाड्यांत ही स्वतंत्र रचना बाजारांत आली.

मऊ स्प्रिंगांबरोबर एक नवें दुखणें आलें. वळणावर गाडीचें अंग फार कलूं लागलें. त्यावर उपाय म्हणून पोलादाची एक सळई वापरांत आली. तिला अँटी-रोल बार म्हणतात. तिचीं दोन टोकें एकाच जोडीच्या डाव्या व उजव्या चाकांच्या दांड्यांस जोडलेलीं असतात. दोन्हीं चाकें एकदम वर गेलीं तर सळई नुसती फिरते, तिचा कांहीं उपद्रव नाहीं. परंतु एक चाक वर व दुसरें खालीं गेलें कीं तिला पीळ पडतो आणि ती कलण्यास विरोध करते. ही साधी वस्तु पुढें या इतिहासांत सर्वांत महत्त्वाची ठरली. त्याचें कारण समजण्यास थोडेंसें गणित ध्यानांत घेतलें पाहिजे.

गाडी वळतांना आंतल्या बाजूच्या चाकांवरील भार कमी होतो आणि तो बाहेरच्या चाकांवर जातो. किती भार जाईल हें गाडीचें वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील अंतर, वळणाची त्रिज्या आणि वेग यांवर ठरतें. स्प्रिंगा ताठ करा किंवा मऊ करा, एकूण सरकणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो. पुष्कळ हौशी लोकांना हें प्रथम पटत नाहीं. गाडी कमी कलली म्हणजे भारही कमी सरकला, असें त्यांस वाटतें. वास्तविक स्प्रिंगांच्या हातीं एवढेंच असतें कीं त्या भाराचा किती वांटा पुढच्या जोडीनें उचलावा आणि किती मागच्या जोडीनें. घरचा खर्च ठरलेला आहे, तो दोन भावांत कसा वांटावयाचा एवढाच प्रश्न, अशांतला हा प्रकार आहे. जी बाजू अधिक ताठ ती अधिक वांटा उचलते.

आतां टायरचा एक स्वभाव आहे. त्यावरील भार दुप्पट केला म्हणजे त्याची पकड दुप्पट होत नाहीं, कांहीं कमीच भरते. म्हणून अडीचशे-अडीचशे किलो भार असलेले दोन टायर मिळून जेवढी पकड देतात तेवढी चारशे आणि शंभर किलो भाराचे दोन देत नाहींत. ज्या जोडींत हा भेद मोठा ती जोडी आधीं घसरते. पुढची जोडी आधीं घसरली तर स्टीअरिंग कितीही फिरविलें तरी गाडी हट्टानें सरळ जाऊं पाहते. यास अंडरस्टीअर म्हणतात. मागची आधीं घसरली तर शेपूट बाहेर जाऊन गाडी गरकन फिरूं लागते; तें ओव्हरस्टीअर. हे दोन्हीं शब्द ऑली व त्याच्या सहकाऱ्यांच्या कामांतून रूढ झाले.

साधा मनुष्य घाबरला कीं पाय आंखडून घेतो आणि स्टीअरिंग अधिक फिरवितो. अंडरस्टीअर करणारी गाडी त्यानें सांवरली जाते, ओव्हरस्टीअर करणारी बिथरते. म्हणून कारखाने सर्वसाधारण गाडीचें नाक बुद्ध्याच जड चालीचें ठेवतात. ऑली ज्या जनरल मोटर्स समूहांत होता त्याच समूहाच्या शेव्हरोलेनें १९६० च्या कॉर्व्हेअर गाडींत मात्र पुढील अँटी-रोल बार कांटकसरीसाठीं गाळली. इंजिन मागें, मागचीं चाकें वळणावर पोटाखालीं मुडपणाऱ्या आंसावर, आणि तोल राखण्याची सर्व भिस्त पुढच्या टायरांत १५ व मागच्या टायरांत २६ पौंड हवा ठेवण्यावर! असली गोष्ट ध्यानांत ठेवणारा मालक विरळाच. १९६४ च्या गाड्यांत ती सळई बसविण्यांत आली; पण १९६५ सालीं राल्फ नेडर यानें मोटारींच्या असुरक्षितपणावर जें पुस्तक लिहिलें त्याचें पहिलेंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतें. १९७२ सालीं सरकारी चौकशीनें ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांहून विशेष धोक्याची नव्हती असा निर्वाळा दिला. निर्वाळा कांहींही असो, एका सळईच्या असण्यानसण्याचा एवढा गवगवा पूर्वीं कधीं झाला नव्हता.

लहान गाडीची गोष्ट इंग्लंडांत सुरू होते. ॲलेक इसिगोनिस हा १९०६ सालीं स्मर्ना येथें जन्मलेला गृहस्थ. बॅटरसी पॉलिटेक्निकमध्यें गणितानें त्याला तीनदां दगा दिला. १९३३ च्या सुमारास जॉर्ज डाऊसन या मित्राबरोबर त्यानें फावल्या वेळांत एक चिमुकली शर्यतीची गाडी बांधावयास घेतली. ती पुरी होण्यास चारपांच वर्षें लागलीं. तिच्या सस्पेन्शनमध्यें रबर वापरलें होतें, आणि टेंकड्यांवरील घाटवाटांच्या हौशी शर्यतींत ती चालविण्यांत आली. पुढें १९५६ सालीं सुवेझ कालव्याचें प्रकरण उद्भवून पेट्रोलची टंचाई पडली, आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा मुख्य लेनर्ड लॉर्ड यानें इसिगोनिसला लहान मोटार करण्यास सांगितलें. २६ ऑगस्ट १९५९ रोजीं ती ‘मिनी’ बाहेर आली. लांबी अवघी दहा फूट, चाकें दहा इंची, इंजिन ८४८ सी.सी.चें आणि तेंही आडवें बसविलेलें.

तिच्या स्प्रिंगा पोलादाच्या नव्हत्याच. ॲलेक्स मोल्टन यानें त्यांच्या जागीं रबराचे शंकू योजिले होते. रबराचा गुण असा कीं तें जितकें दाबावें तितकें अधिक ताठ होतें. त्यामुळें एकटा चालक असो किंवा चार माणसें व त्यांचें सामान असो, गाडीची चाल बिघडत नाहीं. हा गुण लहान गाडीस फार उपयोगी, कारण तिच्यांत माणसांच्या वजनाचें प्रमाण मोठें असतें. गाडीच्या चारही कोपऱ्यांत चाकें आणि अंगाला झोंका फारसा नाहीं, यामुळें मिनी वळणावर मोठमोठ्या गाड्यांस मागें टाकूं लागली. शर्यतीच्या गाड्या बांधणारा जॉन कूपर यानें हें हेरलें आणि १९६१ मध्यें मिनी कूपर निघाली. १९६४, १९६५ आणि १९६७ या सालीं माँटे कार्लोची बर्फाळ रॅली मिनीनें जिंकली. १९६६ सालीं ती पहिली येऊनही दिव्यांच्या कारणावरून बाद ठरविण्यांत आली. त्या निर्णयाबद्दल इंग्रज माणूस पुढें कितीतरी वर्षें चिडून बोलत असे.

मिनीचें नाकही जडच होतें. फिनलंडच्या चालकांनीं त्यावर पायानें तोड काढली. उजवा पाय पेट्रोलवर तसाच ठेवून डाव्या पायानें ते हलकेच ब्रेक दाबीत. त्यानें भार पुढें येई, मागचीं चाकें हलकीं होत आणि शेपूट स्वतःहून वळणांत फिरे. ज्यांच्या पायांत ही करामत नव्हती त्यांनीं हातांत पाना घेतला. पुढच्या चाकांचे माथे आंत कलविण्यासाठीं खालचे दांडे लांब केले, रबरी शंकूंखालचे आधार आंखूड करून गाडी खालीं बसविली, मागें सळई चढविली. मिनी २००० सालापर्यंत निघत होती आणि तिची संख्या ५३ लाखांवर गेली. हौशी माणसास सस्पेन्शनचें पहिलें शिक्षण ज्या गाडीनें दिलें ती हीच, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु मिनीस मागें वर उघडणारें दार नव्हतें. तें आणि ही चाल एकत्र आणण्याचें काम जर्मनींत झालें.

फोक्सवागेन कंपनीची स्थिति त्या वेळीं फार बिकट होती. जुन्या बीटल गाडीचा खप ओसरत होता आणि नव्या गाड्यांवर पैसा पाण्यासारखा खर्च होत होता. १९७४ या एका वर्षांत कंपनीस ८० कोटी मार्कांहून अधिक तोटा आला. अशा काळांत, १८ मार्च १९७३ रोजीं, आल्फोन्स लोवेनबेर्ग या कंपनीच्या चाचणी विभागांतील इंजिनिअरनें कांहीं सहकाऱ्यांस एक पत्र पाठविलें. येणाऱ्या गोल्फ गाडीचा एक खेळाडू अवतार करावा, अशी त्यांत सूचना होती. बहुतेकांनीं तिकडे दुर्लक्ष केलें. हेर्मान हाब्लिट्सेल, वृत्तविभागाचा प्रमुख आंटोन कोनराड आणि असे थोडे लोक मात्र त्याला मिळाले. कंपनीनें सांगितलेलें नाहीं, खर्चास मंजुरी नाहीं. आपलें नेहमींचें काम सांभाळून ही मंडळी गुपचुप गाडी तयार करूं लागली. पहिली गाडी इतकी ताठ आणि इतकी कर्कश झाली कीं ती कोणास विकत घेववली नसती. दुसरी त्यांनीं बरीच सौम्य केली. १९७५ च्या वसंतांत ती एरा-लेसीन येथील चाचणीच्या मैदानावर कंपनीच्या वरिष्ठांस दाखविण्यांत आली आणि अखेर मंजुरी मिळाली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली व जून १९७६ मध्यें विक्रीस निघाली. तिचें नांव गोल्फ जीटीआय.

या गाडीच्या जन्मांतील एक प्रसंग विशेष मननीय आहे. करणाऱ्यांनीं प्रथम तिच्यासाठीं २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर योजिले होते. रुंद टायर म्हणजे अधिक पकड, हें उघड आहे. पण ते त्या काळीं फार महाग होते. हेर्बेर्ट शुस्टर याच्याकडे चाचणीचीं सूत्रें आल्यावर त्यानें टायर १७५ मिलिमीटरांवर आणले, रिमें सहा इंचांची साडेपांच इंचांवर आणलीं, आणि मागील आंसास एक जास्तीची अँटी-रोल बार दिली. स्प्रिंगा व शॉक ॲब्सॉर्बर यांचा मेळही त्यानें नव्यानें बसविला. पकड विकत घेण्यास पैसा नव्हता, तेव्हां असलेली पकड चार टायरांत नीट वांटून दिली. ११० अश्वशक्तीची, सुमारे ८१० किलो वजनाची ही गाडी पांच हजार खपली तरी पुरे असा कंपनीचा हिशेब होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

मागील सळईचा परिणाम एवढा कां व्हावा? पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या लहान गाडींत इंजिन, गिअरपेटी सर्व पुढें; वजनाचा साठ टक्के अथवा त्याहूनही अधिक भाग पुढच्या दोन टायरांवर. त्यांनींच ओढावयाचें, त्यांनींच वळवावयाचें, ब्रेक दाबला कीं बहुतेक काम त्यांनींच करावयाचें. मागच्या टायरांना त्या मानानें कांहींच काम नाहीं. मागील बाजू ताठ केली म्हणजे सरकणाऱ्या भाराचा मोठा वांटा ती उचलते, पुढच्या जोडींतील भेद कमी होतो आणि नाक वळूं लागतें. अशी गाडी जोरानें वळतांना तिचें आंतलें मागचें चाक जमिनीवरून उचललें जातें. मूत्र विसर्जन करणाऱ्या कुत्र्याची उपमा चालक मंडळी सर्रास देतात. ती अशिष्ट असली तरी चपखल आहे. पाहणाऱ्यास वाटतें, गाडी आतां उलटणार. पण उचललेल्या चाकावर भारच उरलेला नसतो, म्हणून तें उचलल्यानें गमावलें असें कांहीं नाहीं. मात्र त्यापुढें मागची बाजू आणखी वांटा उचलूं शकत नाहीं; वाढलेला सर्व भार पुन्हां पुढच्या जोडीकडे जातो. म्हणजे सळई किती जाड असावी यालाही सीमा आहे.

गोल्फचा मागील आंस स्वतःच एक सळई आहे असें म्हटलें तरी चालेल. दोन बाजूंच्या दोन भुजा एका उघड्या पन्हळीसारख्या आडव्या पोलादी तुळईनें जोडलेल्या असतात, आणि कलतांना त्या तुळईलाच पीळ पडतो. स्वस्त, टिकाऊ आणि जागा न अडविणारी ही रचना पुढें असंख्य लहान गाड्यांनीं उचलली. पुण्याजवळ चाकण येथें २००९ सालीं सुरू झालेल्या फोक्सवागेनच्या कारखान्यांत पुढें जी पोलो गाडी निघे तिचा मागील आंसही याच जातीचा होता.

अमेरिकेंत गोल्फला रॅबिट म्हणत. तेथील जीटीआय पेन्सिल्व्हेनियांतील कारखान्यांत बनून १९८३ च्या हंगामांत आली. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या १९४४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें १९७३ पासून ऑटोक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धा भरविल्या होत्या, त्यामुळें गाडीस मैदान तयारच होतें. हौशी लोकांनीं तिच्यावर जे प्रयोग केले त्यांत चुकाही पुष्कळ झाल्या. सर्वांत सामान्य चूक म्हणजे गाडी फार खालीं बसविणें. गुरुत्वमध्य खालीं आला म्हणजे सर्व सुधारलें असा समज. पण या जातीच्या गाडींत पुढील खालचे दांडे एका मर्यादेपलीकडे वर तिरपे झाले कीं गाडी अधिक कलण्याकडे झुकते आणि बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर झुकूं लागतो. कापलेल्या स्प्रिंगांवर बसलेली गाडी दिसावयास झोंकदार दिसे आणि घड्याळावर मात्र मूळच्या गाडीहून मंद ठरे.

जे हुशार होते ते टायरकडे पाहत. टायरच्या कडेला खडूची अथवा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशची रेघ ओढावयाची आणि फेरीनंतर ती कोठवर पुसली गेली तें पाहावयाचें. फार खालवर पुसली गेली तर हवा कमी आहे किंवा चाकाचा माथा पुरेसा आंत नाहीं. पुढच्या चाकांचीं तोंडें किंचित बाहेर वळविलीं तर गाडी वळणांत शिरण्यास उत्सुक होते. मागच्या टायरांत हवा जास्त भरली तर त्यांची पकड घटते आणि शेपूट सैल सुटते. हीं सर्व कामें एका पान्यांत, एका हवेच्या पंपांत होणारीं होतीं.

नियमांचा मात्र एक जुना सल होता. जवळजवळ मूळ स्थितींतील गाड्यांचा जो वर्ग, ज्यांत गरीब स्पर्धक उतरत, त्यांत केवळ पुढील अँटी-रोल बार बदलण्यास मुभा होती. मागच्या चाकांनीं चालणाऱ्या गाड्यांस त्याचा लाभ होई. पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या लहान गाडीस पुढें ताठ सळई देणें म्हणजे आजाऱ्यास नको तें औषध देणें होय. कित्येक वर्षें हा नियम तसाच राहिला, आणि अखेर पुढील किंवा मागील यांपैकीं कोणतीही एक सळई बदलावी अशी मोकळीक मिळाली. इंजिनांत एक अश्वशक्तिही न वाढतां लहान हॅचबॅक गाड्यांस त्यांचें हवें तें औषध मिळालें. २००९ पासून नेब्रास्कांतील लिंकन गांवच्या जुन्या विमानतळावर या राष्ट्रीय स्पर्धा भरूं लागल्या, तेथें तीन चाकांवर वळणाऱ्या लहान गाड्या रांगेनें पाहावयास मिळतात.

परंतु पटांगणावर जी गाडी शंकूभोंवतीं सहज फिरते तीच ओल्या रस्त्यावर, समोर अचानक बैल किंवा मूल आलें असतां चालकानें दचकून पाय काढतांच, शेपटानें फिरूं शकते. १९८४ सालीं आलेल्या प्यूजोच्या २०५ जीटीआय गाडीची याच खोडीबद्दल ख्याति झाली. तिला नावाजणारे आणि तिच्यासह शेतांत गेलेले असे दोन्हीं प्रकारचे लोक आढळतात. कारखाना गाडीचें नाक जड ठेवतो तो अनोळखी चालकाच्या भीतीला जमेस धरून. हौशी मनुष्य तें नाक हलकें करतो तो स्वतःच्या सरावाच्या भरंवशावर. एकाच पान्याचे हे दोन धनी.

म्हणून अनुभवी स्पर्धक मागील सळई अशी घेतो कीं तिच्या टोकांस दोनतीन भोंकें असतात. जवळच्या भोंकांत जोड बसविला तर भुजा आंखूड होऊन सळई ताठ होते, टोकाच्या भोंकांत बसविला तर मऊ. संध्याकाळीं शंकू गोळा होत असतांना तो गाडीमागें गुडघ्यांवर बसतो, दोन्हीं बाजूंचे जोड शेवटच्या भोंकांत सरकवितो, मागच्या टायरांतील जास्तीची हवा सोडून देतो आणि मग पोरांचें सामान मागच्या दारांतून आंत टाकून घराकडे निघतो. आभाळ भरून आलेलें असेल तर हें काम तो शेवटच्या फेरीपूर्वींच उरकून घेतो.